फोडणी ऐकावी लागते

आमच्या घरी प्रथमच आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घेईपर्यंत बिचारा गप्प असतो. मग कप बशीत टेकल्याचा आवाज येतो, एक खाकरणे ऐकू येते आणि मागोमाग प्रश्न येतो, "वहिनी, राग मानू नका हं, पण तुम्हांला दिसत नाही म्हणता, मग घरात स्वयंपाक कोण करतं?" मी म्हणते, "आता प्यायलात तो चहा मीच केला." यावर माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही म्हणतात, "कमाल आहे बुवा तुमची!" आणि काही काहीच बोलत नाहीत, उरलेला चहा मात्र जरा जपून पितात.

कमाल वगैरे काही नाही. आंधळ्या माणसाला देव सहावे इंद्रिय देतो, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आहे. मला तरी ते अजून मिळालेले नाही. पोस्टात कुठे अडकले असेल तर कळत नाही! जी चार इंद्रिये तुमच्याकडे आहेत तीच माझ्याकडे आहेत. फरक इतकाच, की मला ती कामाला लावावी लागतात.

दिवाळी अंक आले की आमचे हे मला फराळाच्या कृती वाचून दाखवतात. प्रत्येक कृतीत रंगांची नुसती रंगपंचमी असते. 'बेसन बदामी रंगावर भाजावे', 'करंज्या गुलाबीसर तळाव्यात', 'कांदा सोनेरी होईपर्यंत परतावा'. हे ऐकून कुणालाही वाटेल, की स्वयंपाक म्हणजे सारे डोळ्यांचे काम. मी गेली २२ वर्षे न बघता स्वयंपाक करते आहे आणि माझे मत नेमके उलटे झाले आहे. आपला मराठी स्वयंपाक निम्म्याहून अधिक कान, नाक आणि बोटे यांच्यावर चालतो. डोळस बायकाही तो तसाच करतात. त्यांच्या ते लक्षात येत नाही, एवढेच.

माझ्या दुखण्याचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. नाव लांबलचक, पण गोष्ट साधी आहे. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी रातांधळेपणा येतो, मग दोन्ही बाजूंची नजर आखडते आणि माणूस जणू नळीतून जग पाहू लागतो. पुढे पुष्कळांची मधलीही नजर मंदावते. दुखणे आनुवंशिक आहे. एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ साली एका उपचाराला मान्यता मिळाली, पण हा आजार घडवणारी जनुके बरीच आहेत आणि माझा दोष त्या एकातला नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला इतकेच ठाऊक होते, की दिवेलागणीनंतर उंबरठा दिसत नाही. चाळिशीनंतर अक्षरे गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसांचे चेहरे गेले. आता उजेड आहे की अंधार, एवढे कळते.

चेहरे गेले, त्याच वर्षी घरातल्यांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढले. शब्द कडू वाटेल, कारण सारे झाले ते प्रेमापोटीच. यांनी स्वयंपाकाला बाई लावल्या. मुलाने बजावले, की मी एकटी असताना गॅसच्या वाटेला जायचे नाही. "आई, तू बस. आम्ही आहोत ना!" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत असे. ज्या घराला वीस वर्षे जेवू घातले, त्या घरात भूक लागली तर आता मागून घ्यावे लागे. दुपारी चारला चहाची तलफ आली, तरी कुणी घरी येण्याची वाट पाहायची. आमटीत आमसूल कमी पडले, भाजीत गूळ नाही, हे जिभेला कळे. पण बोलायची सोय नव्हती. बसून खाणाऱ्याने नावे ठेवू नयेत, ही शिकवण आमची. दृष्टी गेली त्याचे दुःख होतेच, पण ते एकदा रडून झाले होते. हे बसणे मात्र रोजचे होते.

माझी सुटका केली ती सासूबाईंनी. त्यांना तेव्हा ७८ वे वर्ष चालू होते. मोतीबिंदू काढण्यापूर्वी तीन-चार वर्षे त्यांनाही सारे धुरकटच दिसत असे, आणि तरीही त्या काळात चूल त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. एका सकाळी घरात आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "ऊठ गं. मला भाकरी हवी आहे, आणि त्या बाईची भाकरी मला चावत नाही."

मी म्हटले, "आई, मला तवा दिसत नाही."

"तवा काय पळून जातो? आणि आजवर भाकरी थापताना तू परातीकडे बघायचीस की खिडकीतून रस्त्याकडे?"

खरेच होते. ज्वारीच्या पिठात कढत पाणी घातले आणि हाताला सारे ओळखीचे लागले. पीठ मळून मऊ झाले की तळव्याला चिकटायचे थांबते. खाली कोरडे पीठ पुरेसे असले की भाकरी थापता थापता आपोआप गोल फिरते. ती अडली, तर पीठ कमी आहे. कड जाड राहिली तर करंगळीच्या बाजूला समजते. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले, ते सुकत आले की चुरचुर मंदावते, मग उलटायची. फुगलेली भाकरी एका जागी फुटते आणि वाफ सुस्कारा टाकून बाहेर पडते. सासूबाई पाटावर बसून होत्या, एका शब्दाने त्यांनी सूचना केली नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून बाईंना फक्त भांडी सांग."

त्यानंतर घरात चार दिवस शीतयुद्ध चालले, ते इथे सांगत नाही. सासूबाई माझ्या बाजूच्या होत्या, म्हणजे निकाल ठरलेलाच होता.

न बघता करायच्या स्वयंपाकात काही रीती मात्र नव्याने लावून घ्याव्या लागल्या. सर्वांत मोठी म्हणजे आधी भांडे, मग ज्योत. तवा किंवा पातेले थंड शेगडीवर ठेवायचे, हाताने चाचपून मधोमध आले की नाही ते बघायचे (मी 'बघायचे'च म्हणते, माझ्या तोंडी तोच शब्द बसला आहे) आणि मगच गॅस लावायचा. ज्योत लागली की फुरफुर ऐकू येते. आपल्याकडच्या शेगडीचे बटण फिरवले की आधी मोठी ज्योत लागते आणि ते पार टोकापर्यंत नेले की बारीक होते, म्हणून बारीक आच ठरवायला डोळ्यांची गरज लागत नाही. बटण अडले की झाले. भांडे कितपत तापले ते वर वीतभर अंतरावर तळवा धरून कळते. साडी सुती, पदर कमरेला घट्ट खोचलेला. झुळझुळीत कृत्रिम धाग्यांची साडी ओट्यापाशी मी नेसत नाही आणि डोळस बायकांनीही नेसू नये. गॅसचे म्हणाल, तर त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. म्हणजे सिलिंडरवाल्यांनीसुद्धा तुमचे रक्षण नाकावरच सोपवले आहे!

आणि कुकर? हॉकिन्स कंपनी मुंबईत निघाली ती १९५९ साली, आणि त्यानंतर कुकर आपल्या घराघरांत शिरला. तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्रातल्या बायका वरणभात कानांनी शिजवत आल्या आहेत. कुकरच्या पोटात काय चालले आहे, हे कुणाला दिसते? तीन शिट्ट्या झाल्या, की शेजघरातून ओरडायचे, "अरे, गॅस बंद कर!" त्या क्षणी तुमच्यात आणि माझ्यात काडीचाही फरक नसतो.

डब्यांची व्यवस्था माझी मी बसवली. साखरेच्या डब्याला एक रबर बँड, मिठाच्या डब्याला दोन. रव्याच्या झाकणाला शर्टाचे बटण चिकटवले आहे, मैद्याच्या झाकणाला काही नाही. मीठ डब्यातून थेट पातेल्यात कधी पडत नाही. आधी तळहातावर, मग आत. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे लावल्या आहेत. मोहरी १२ वर, जिरे २ वर, हळद ४ वर, तिखट ८ वर, असे. हा सारा डोलारा उभा आहे तो एका कायद्यावर, की उचललेली वस्तू जागेवर गेली पाहिजे. यांनी एकदा स्वतः चहा करून घेतला आणि रबर बँड सैल झाला म्हणून काढून टाकून साखरेचा डबा मिठाच्या जागी ठेवला. चिमटीत घेताच दाणा जाड लागला म्हणून आमटी वाचली. यांची सुटका मात्र इतक्या सहजासहजी झाली नाही. तेव्हापासून फडताळाचे दार अर्धवट उघडे टाकणे हा आमच्या घरात फौजदारी गुन्हा आहे.

आपल्या जुन्या माणसांनी काही गोष्टी जणू माझ्यासाठीच करून ठेवल्या आहेत. विळी घ्या. सुरी हातात फिरते, पण विळीचे पाते पायाखाली दाबलेल्या पाटाला पक्के बसवलेले असते. ते कुठे आहे याची मला क्षणभरही शंका येत नाही, फिरतात ते माझे हात. हल्ली ओट्याशी उभे राहून चिरायची पद्धत आहे आणि ती मीही शिकले आहे, बोटे आत वळवून, पेरांना सुरी घासत; पण मेथी चिरायला बसायचे, तर विळीसारखे सुख नाही. तसेच आपले वाढलेले ताट. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात समोर. पंगतीत कुणी काही सांगावे लागत नाही, हात बरोबर तिथे जातो. परदेशांत आंधळ्या माणसाला "वाटाणे ३ वर, बटाटे ९ वर" असे घड्याळ सांगतात म्हणे. आमचे घड्याळ आमच्या आजीने आधीच वाढून ठेवले होते. हल्लीच्या बुफेत मात्र ही सारी विद्या बुडाली. तिथे आम्ही आणि तुम्ही सगळेच चाचपडतो.

आता दिवाळीकडे येते, कारण तळणाचे नाव काढले की माणसांच्या पोटात गोळा उठतो. "बाकी ठीक आहे, पण उकळतं तेल?"

तेल उकळत नाही, हे आधी सांगते. आपण तळतो तेव्हा तेल साधारण १७० ते १८० अंशांपर्यंत तापलेले असते आणि नुसते असताना ते गप्पच असते. आवाज करते ते पाणी. चकलीच्या भाजणीत आपण पाणी घालून मळलेले असते. ती कढईत पडली, की आतले पाणी वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर धावते आणि त्याचाच तो चुरचुराट. सुरुवातीला आवाज मोठा आणि भरघोस असतो. जसजसे पाणी संपत येते तसतसा तो बारीक होतो, मग तुटक होतो, आणि शेवटी कढई जवळजवळ निवांत होते. चकली झाली! आत पाणी उरले नाही म्हणजेच ती कुरकुरीत झाली. डोळस बाई बुडबुडे कमी झालेले पाहते, मी ते ऐकते. खबर एकच आहे. उलट रंगावर विसंबणाऱ्यांची कधी कधी फसगत होते. आच मोठी असली तर चकली वरून तांबूस दिसते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते, कारण आतले पाणी अजून बोलतच होते आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

तेल तापले का, हे पाहायला मी भाजणीची चिमूटभर गोळी सोडते. पडताच चुरचुरली, तर तेल तयार. थोडा वेळ मुकी राहिली तर थांबायचे. कढई खोल घ्यायची, तेल निम्म्याच्या वर नाही. चकली कागदाच्या तुकड्यावर पाडायची, तिथून उलथन्यावर घ्यायची आणि कढईच्या कडेने तेलाला टेकवून अलगद सरकवायची. वरून टाकायची नाही. तेल अंगावर उडते ते उंचावरून टाकणाऱ्या भित्र्या माणसाच्या! घाणा चारच चकल्यांचा, म्हणजे मोजता येतात. झारा कडेने फिरवला, की त्या एकेक त्याला येऊन टेकतात. काढून चाळणीत निथळल्या, की एकीला नखाने टिचकी मारायची. कच्ची चकली 'थप्' म्हणते आणि झालेली 'टक्'.

बेसनाच्या लाडवांना तर मी डोळे असतानाही नाकच वापरत होते. कच्च्या डाळीचा वास जाऊन खमंग वास सुटायला वेळ लागतो आणि तो वास स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात पोचला की हे आपोआप येऊन विचारतात, "झालं का?" पण त्याआधी हाताला कळलेले असते. सुरुवातीला बेसन कालथ्याला जड लागते, गोळा धरून बसते. भाजत आले, की सैल पडते, हलके होते, तूप सुटते. शेवटी दुधाचा हबका मारला की ते फसफसून वर येते, तोही आवाजच. रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी झाला की नाही हे तर सगळ्याच बायका बोट आणि अंगठा यांच्यामध्ये बघतात. त्यात डोळ्यांचा संबंध आला कुठे? मी थेंब बशीत घेते, सोसेल इतका निवू देते आणि चिमटीत ओढते. तार तुटताना जो बारीक हिसका बसतो, तो बोटांना चांगला कळतो.

मग फोडणी. तेलात मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडकला की बाकीची मोहरी. तडतड ऐन भरात येते आणि ओसरू लागते. ती ओसरण्याच्या वेळी जिरे आणि हिंग. हिंगाचा वास उठला की हळद, आणि लगेच भाजी, कारण हळद जळायला वेळ लागत नाही. कढीपत्ता ओला असेल तर हातात झाकण तयार ठेवायचे. ही सारी गोष्ट अर्ध्या मिनिटात होते. माझी सून पहिल्यांदा माझ्या शेजारी उभी राहून हे शिकली, तेव्हा मी तिला डोळे मिटायला सांगितले होते. ती म्हणाली, "आई, मोहरी थांबते ते मला आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं."

इतके सांगितले, तर हेही सांगायला हवे, की काही कामांना डोळे लागतातच. गुलाबजामच्या रंगाला मी शरण जाते. आच आणि वेळ सांभाळते, पण एकदा तरी हाक मारून कुणाला दाखवतेच. फ्लॉवरमधली अळी बोटांना सापडेलच असे नाही. मिठाच्या कोमट पाण्यात गड्डा बुडवून ठेवला तरी मनात शंका राहते. पालेभाजीचे सडके पान हाताला लिबलिबीत लागते, पण नुसते पिवळे पडलेले पान चांगल्या पानासारखेच लागते. आणि पाकिटांवरच्या तारखा! पण त्या तारखा डोळस माणसांना तरी कुठे वाचता येतात?

त्या बाबतीत आता माझा फोन कामाला येतो. तो पडद्यावरचे मराठी मला वाचून दाखवतो आणि पाकीट कॅमेऱ्यासमोर धरले की त्यावरचा मजकूरही पुष्कळदा सांगतो. हान्स यॉर्गेन वीबर्ग नावाच्या एका डॅनिश गृहस्थांनी, ज्यांना स्वतःलाच कमी दिसते, २०१५ साली 'बी माय आइज' नावाची सोय सुरू केली. आपण फोनवर हाक दिली की जगातला कुणीतरी डोळस स्वयंसेवक आपल्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. एकदा दुपारी कुठल्याशा परमुलखातल्या बाईंनी मला इंग्रजीत सांगितले, की माझ्या हातातले पाकीट पोह्यांचे असून ते जाड पोह्यांचे आहे. पोहे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. मग दहा मिनिटे मीच त्यांना कांदेपोहे सांगत बसले.

पण विज्ञानाचे सारेच पाऊल आमच्या बाजूने पडते, असे नाही. माझा मुलगा बंगळूरला असतो. त्याच्या नव्या घरात इंडक्शनची शेगडी आहे, काचेची, सपाट. इंडक्शन म्हणजे आमच्यासारख्यांना खरे तर वरदान. ज्योत नाही, भांडे उचलले की तापणे थांबते. पण त्या शेगडीला बटणच नाही! काचेवर आकडे उमटतात, त्यांना बोट लावायचे. मला सारी काच एकसारखी गुळगुळीत, आणि कुठे काय आहे ते चाचपायला हात लावावा, तर तेवढ्यानेच काहीतरी चालू होते. 'टुँ' असा एकच आवाज येतो, आच वाढली तरी तोच आणि कमी झाली तरी तोच. चौदा दिवस मी त्या घरात पुन्हा "आई, तू बस" होऊन राहिले. शेवटी सुनेने पारदर्शक उंचवट्याच्या टिकल्या आणून काचेवर चार ठिकाणी चिकटवल्या आणि दहा रुपयांच्या टिकल्यांनी हजारोंच्या शेगडीचे दार माझ्यासाठी उघडले. आता कपडे धुण्याचे यंत्र, ओव्हन, सारे असेच गुळगुळीत होत चालले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, सर्वांना वापरता येतील अशा वस्तू तयार व्हाव्यात म्हणून सरकारने प्रयत्न करावेत, असे कलम आहे. कलम आहे तर ते बाजारातही दिसावे. खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला "फिरवायचं बटण असलेली आहे का?" असे तुम्हीही विचारा. आज नाही, तर सत्तराव्या वर्षी ते तुमच्याही उपयोगी पडेल.

अमेरिकेत क्रिस्टीन हा नावाची एक बाई आहे, मूळ व्हिएतनामी घरातली. मज्जारज्जूच्या आणि डोळ्यांच्या नसांच्या एका आजाराने तिची नजर गेली. २०१२ साली तिथल्या 'मास्टरशेफ' या दूरदर्शनवरच्या पाककलेच्या स्पर्धेत ती पहिली आली. सामान घेताना वाट दाखवायला सोबत एक मदतनीस होती. चिरणे, शिजवणे, चव घेणे सारे तिचे तिनेच केले. पुढे तिने ह्यूस्टन शहरात स्वतःचे उपाहारगृह काढले, त्याचे नाव ठेवले 'आंधळी बकरी'! मला तिच्या बक्षिसाइतकेच हे नाव आवडले. त्याच देशात लुइझियाना राज्यात १९८५ पासून अंधांचे एक शिक्षणकेंद्र आहे. तिथे थोडेफार दिसणाऱ्यालाही डोळ्यांवर पट्टी बांधून स्वयंपाक शिकवतात आणि निरोप घेण्यापूर्वी त्याला एकट्याने पंगतीएवढा स्वयंपाक करून सगळ्यांना वाढावा लागतो. परीक्षा म्हणावी तर अशी!

आपल्याकडे आंधळ्या मुलींच्या शिक्षणाला सुरुवात होऊन बराच काळ लोटला. दादरची अंधशाळा अ‍ॅना मिलर्ड बाईंनी सुरू केली ती १९०० साली. आज मुली ब्रेल वाचतात, संगणक चालवतात, बँकांत नोकऱ्या करतात. आणि तरीही यातल्या कित्येक जणींना घरी आईने गॅसपाशी कधी उभे राहू दिलेले नसते. पगार आणणाऱ्या मुलीला रात्री भूक लागली, तर आईला उठवावे लागते. मुलग्यांची तर गोष्टच सोडा. त्यांना दिसत असले तरी आपण शिकवत नाही.

आमच्या सोसायटीतच अशी एक मुलगी आहे, दहावीतली. जन्मापासून तिला फार थोडे दिसते. अभ्यासात हुशार. तिच्या आईला मी जूनमध्ये म्हटले, "हिला रोज अर्धा तास माझ्याकडे पाठव." आई म्हणाली, "काकू, गॅसचं सोडून काहीही शिकवा. मला भीती वाटते हो. मला सगळं दिसतं, तरी माझ्या मनगटावर कुकरच्या वाफेचा डाग आहे." मी म्हटले, "मग दिसण्याचा उपयोग काय झाला?" ती हसली नाही. तिची भीती खरी होती, आणि ज्या आईला भीती वाटत नाही तिच्यापेक्षा मला ती जवळची वाटली.

आम्ही थंड कामांपासून सुरुवात केली. शेंगा सोलणे, काकडी कोचणे, कोशिंबिरीला दाण्याचे कूट. मग आठ दिवस नुसती बंद शेगडी. सिलिंडरचा कॉक बंद करून बटणे फिरवायची, पातेले मधोमध ठेवायचे, सांडशी न बघता पकडायची. मग फक्त पाणी तापवायचे आणि ऐकायचे. आधण येण्यापूर्वी पाणी गुणगुणते आणि खळखळ उकळी फुटण्याआधी ते गुणगुणणे जरा खाली येते. हे तिला माझ्याआधी कळले. चहा कपात ओतताना कप भरत येईल तसा आवाज चढत जातो, नळाखालच्या कळशीसारखा. तोही तिने दोन दिवसांत पकडला. गणपतीत तिने आमच्याकडच्या आरतीला जमलेल्या ११ माणसांना चहा दिला.

परवा, नवरात्रात, वाटीभर भाजणीची तालीम केली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी एकच अट घातली होती, काही बोलायचे नाही. बोलली नाही, पण पहिली चकली तेलात सरकली तेव्हा तिच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे हात पुढे आला होता. पुन्हा वाजल्या, म्हणजे तो मागे घेतला. मुलगी झारा धरून गप्प उभी होती. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आजी, आवाज बारीक झाला."

"मग?"

"थांबते अजून थोडं. तुटक झाला नाही."

तुटक झाल्यावर तिने चारही काढल्या, मोजून. एकीला नखाने टिचकी मारली. त्यातल्या दोन तिथेच संपल्या आणि दोन आईने बाबांसाठी बशीत झाकून घरी नेल्या. आता शनिवारी शेव करायची ठरली आहे. सोऱ्याची बारीक भोकांची चकती कुठे ठेवली आहे, ते विचारून तिने ती आजच बाहेर काढून ठेवली.